पाटीवरचा चहा आणि पातेल्यातला चहा

आपल्या घरांत दिवसाचा आरंभ चहाने होतो. पाहुणा आला की प्रथम चहा, सोयरीक जुळवायची तर चहा, भांडण मिटवायचे तर चहा आणि मर्तिकाच्या घरी रात्र जागवायची तरीही चहाच. ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे की ती आजोबा-पणजोबांच्याही आधीपासून चालत आली असावी, असे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सर्वसामान्य भारतीय माणूस रोज चहा पिऊ लागला, त्याला अद्याप पुरती शंभर-सव्वाशे वर्षे झालेली नाहीत. आणि ही सवय आपोआप लागलेली नाही, ती लावण्यात आली. तिच्यामागे या देशातील आरंभीच्या आणि सर्वांत मोठ्या जाहिरात-मोहिमांपैकी एक मोहीम होती. परक्या रीतीने प्यायचे एक परके पेय अनेक भाषा, अनेक जाती आणि अनेक धर्म असलेल्या समाजाच्या गळी कसे उतरवावे, हा त्या मोहिमेपुढचा प्रश्न होता. तो कसा सुटला आणि खरे पाहता कोणी सोडवला, हे जाणून घेण्यासारखे आहे.

चहाची ओळख आपल्या किनाऱ्याला तशी जुनी. १६३८ साली सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो आणि १६८९ साली तेथे आलेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन या दोघांनीही तेथील चहापानाची नोंद केली आहे. ओव्हिंग्टनच्या वर्णनातील चहा खडीसाखर, लिंबू किंवा उष्ण मसाले घालून घेतला जाई आणि डोकेदुखी, पोटदुखी यांवर तो उतारा मानला जाई. तो चीनमधून येई. व्यापाऱ्यांच्या पेढीवर आणि आजाऱ्याच्या उशाशी त्याचे स्थान होते. इंग्लंडमध्ये चहा प्रतिष्ठित झाला तो पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिच्यामुळे. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह झाला आणि माहेरची चहाची आवड तिने लंडनच्या दरबारात रुजवली. तिच्याच आंदणात पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्रजांना दिले. ज्या उत्तर प्रांताची राजधानी आपली वसई होती, त्याच प्रांताचा हा तुकडा. एकाच लग्नाने इंग्रजांना मुंबईही मिळाली आणि चहाची गोडीही लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे चीनवर अवलंबून राहणे इंग्रजांना परवडेना. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस याला आसामात रानटी चहाची झाडे असल्याचे कळले. १८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली. जंगले तोडून मळे उभे राहिले. तेथे राबण्यासाठी छोटा नागपूर आणि आसपासच्या भागांतून आदिवासी कुटुंबांना नेण्यात आले. १८६५च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना दिला. हे येथेच सांगून ठेवतो, कारण चहाच्या जाहिरातींत ही माणसे कधी दिसली नाहीत. मळ्यांतील सारा चहा पेट्यांत भरून समुद्रापार जाई. जो देश तो पिकवी, त्या देशाने तो प्यावा, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

उत्पादन वाढले, भाव घसरू लागले, तेव्हा मळेवाल्यांच्याच मागणीवरून लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसवला. निर्यात होणाऱ्या दर पौंडामागे पाव पै. रक्कम दिसायला क्षुल्लक, पण तिच्यातून प्रचाराचा एक कायमचा निधी उभा राहिला. तो हाताळण्यासाठी समिती नेमली गेली. आरंभी या समितीचे डोळे परदेशाकडेच लागले होते. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचे आयुक्त रिचर्ड ब्लेचिंडन गरम चहा घेऊन उभे राहिले. उकाड्याने हैराण झालेले लोक त्या वाफाळत्या कपाकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी चहात बर्फ घातला आणि ही झुंबड उडाली, अशी कथा सांगतात. बर्फाचा चहा अमेरिकेत त्यापूर्वीही ठाऊक होता. तेव्हा त्याच्या शोधाचे श्रेय ब्लेचिंडन यांना देता येत नाही. तरी कथेतला धडा खोटा नाही. दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर तेथील हवा कशी आहे हे पाहावे लागते.

भारतात हवेचा प्रश्न नव्हता. प्रश्न पंक्तीचा होता. कोणी केलेले, कोणी दिलेले, कोणाबरोबर प्यायलेले, यावर येथे माणसाची जात टिके किंवा जाई. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. हे मिशन अँग्लिकन पंथीयांचे. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हाती धरला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही उपस्थितांत होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर रानडे आणि टिळक या दोघांच्याही वाट्याला प्रायश्चित्त आले. एका कपाभोवती एवढे वादळ उठणाऱ्या देशात चहा घरोघर पोहोचवायचा होता!

या कामास खरा जोर आला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि कारखाने येथे चहाच्या टपऱ्या उघडण्यास उत्तेजन देण्यात आले. दोन तास काम केल्यावर कामगाराला तरतरी येते, ही गोष्ट मालकांना पटवणे सोपे गेले. मोठ्या रेल्वे स्थानकांवर फेरीवाल्यांना किटल्या, पेले आणि चहाची पाकिटे पुरवण्यात आली. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने चहाचे भाव कोसळले, परदेशी बाजार आखडला आणि मळेवाल्यांना आपल्याच दारातील कोट्यवधी माणसे दिसू लागली. १९३७ साली जुनी समिती जाऊन 'इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड' हे नाव आले. नावातच हेतू स्पष्ट होता: बाजार वाढवणे.

बोर्डाच्या माणसांनी केलेले परिश्रम आजही थक्क करतात. मोटारगाड्या आणि किटल्या घेऊन प्रचारक शहरांतून, जत्रांतून, आठवडी बाजारांतून हिंडत. एका वस्तीत ठरलेल्या वेळी दररोज जात, समोर चहा करून दाखवत, फुकट पाजत. काही काळाने पाकिटे हाती देत आणि मग पुढल्या वस्तीकडे वळत. गरिबाला परवडावे म्हणून पैशाला मिळणारी लहान पुडी निघाली. पडद्यातील स्त्रियांपर्यंत पुरुष पोहोचू शकत नव्हते, म्हणून स्त्री-प्रचारक नेमल्या गेल्या. भित्तिपत्रके निघाली, त्यांवर लुगड्यातली गृहिणी हाती चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली. बंगालमध्ये चहा हा मादक नाही, उलट मन प्रसन्न करतो, असे सांगणाऱ्या जाहिराती झळकल्या. कारण दारू-अफूच्या पंक्तीत चहाला बसवणारे टीकाकार तेथे होते. भाषा, वेश आणि आक्षेप या तिन्हींचा विचार करून निवेदन बदलण्याची ही कला आज जाहिरात-शाळांत शिकवली जाते. येथे ती रस्त्यावर शिकली गेली.

त्या मोहिमेचे एक स्मारक म्हणजे स्थानकांवर लागलेल्या मिनाकामाच्या लोखंडी पाट्या. चहा कसा करावा, हे त्यांवर निरनिराळ्या भारतीय भाषांत चित्रांसह लिहिलेले असे. त्यांचा साधारण आशय असा: ताजे पाणी खळखळून उकळावे, चहादाणी गरम पाण्याने ऊब देऊन घ्यावी, माणशी एक चमचा पत्ती आणि एक चमचा चहादाणीसाठी घालावी, त्यावर उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे, मग पेल्यात ओतून दूध-साखर मिसळावी. भाषांतर निर्दोष होते. अडचण एवढीच की, भाषा देशी होती आणि स्वयंपाकघर मात्र विलायती. आपल्याकडे चहादाणी कुठे होती? माणशी चमचा मोजण्याची रीत कुठे होती? आणि ज्या घरात दूध उकळल्यावाचून ओठी लावत नाहीत, तेथे थंड दुधाची धार चहात सोडणार कोण?

लोकांनी पाटी वाचली आणि चहा आपल्या पद्धतीने केला. पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि पत्ती एकत्र घालून ते उकळू लागले. आजीबाईच्या बटव्यात काढा होताच. त्या काढ्याचे आले, वेलदोडा, दालचिनी, मिरे चहात उतरले. महाराष्ट्रात परसातला गवती चहा त्यात पडला. कोठे गुळाचा चहा झाला. कप गरम लागतो म्हणून बशी आली आणि बशीत ओतून फुंकर घालीत पिण्याची रीत पडली. रेल्वेवरील फेरीवाल्यांना योग्य पद्धत नीट शिकवूनही ते भरपूर दूध आणि भरपूर साखर घालूनच चहा करत. मसाल्यांवर तर प्रचारकांची विशेष नाराजी, कारण मसाला घातला की पत्ती कमी लागते!

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. बोर्डाच्या दृष्टीने हा चहा बिघडला होता. पण चहा भारताचा झाला, तो बिघडल्यामुळेच. दूध-साखरेमुळे तो गिरणी-कामगाराच्या पोटाला आधार देऊ लागला. पत्ती उकळून घेतल्याने हलक्या प्रतीचा, स्वस्त चहाही कडक उतरू लागला. एका पातेल्यात आणि एका गाळण्यात साऱ्या घराचे भागू लागले. बोर्डाने शब्दांचे भाषांतर केले. वस्तूचे भाषांतर लोकांनी केले. राजस्थानातून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी पितळी भांड्यात आटवलेल्या वेलदोड्याच्या चहाला 'अमृततुल्य' म्हटले आणि मुंबईच्या इराण्यांनी तोच चहा ब्रून-मस्क्याच्या जोडीला दिला. ही नावे आणि या जोड्या कोणा प्रचारकाने लिहून दिलेल्या नव्हत्या.

चहाला विरोधही झाला, आणि तो विचारी माणसांनी केला. बंगालचे शास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय चहापानाविरुद्ध लिहीत. महात्मा गांधींनी पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील बंदिवासात आरोग्यविषयक पुस्तक लिहिले, त्यातही चहा, कॉफी, कोको यांची शिफारस त्यांनी केली नाही. मळ्यांतील मजुरांची दैना हेही राष्ट्रीय विचाराच्या लोकांच्या नाराजीचे कारण होते. १९२१ साली चरगोला खोऱ्यातील हजारो मजूर गांधीजींच्या नावाचा जयघोष करीत मळे सोडून निघाले होते आणि चांदपूर येथे त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडण्यात आले होते. जाहिरातीने या विरोधावर आपल्या परीने उत्तर काढले. १९४७ साली चित्रकार अन्नदा मुन्शी यांची एक प्रसिद्ध जाहिरात निघाली: एक स्त्री चरख्यापाशी बसली आहे, जवळ चहा आहे आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. ज्या पेयाला चरख्याच्या पुरस्कर्त्याने दूर ठेवण्यास सांगितले, तेच चरख्याच्या शेजारी मांडले गेले! कौशल्य म्हणून ही कृती अजोड आहे. सत्य म्हणून मात्र ती अर्धीच आहे. कारण तोवर बहुतेक मोठे मळे इंग्रज कंपन्यांच्या हाती होते आणि पत्ती खुडणारे हात त्या चित्रात नव्हते. लोकांची पूज्य प्रतीके उसनी घेताना त्यामागचे वचन पाळण्याची तयारी नसेल, तर ते रूपांतर नव्हे, वेषांतर होय.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. पंक्तिभेदाच्या भिंतीपुढे चहाच्या विक्रेत्यांनी सोपा मार्ग पत्करला: भिंत तशीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना चहा विकला. रेल्वे फलाटांवर 'हिंदू चाय' आणि 'मुसलमान चाय' अशा आरोळ्या उठत; किटल्या वेगळ्या, पेले वेगळे, फेरीवाले वेगळे. कित्येक गावांत हॉटेलाबाहेर दलित बांधवांसाठी फुटक्या कानाची वेगळी कपबशी ठेवलेली असे. ती ज्याची त्याने विसळून ठेवायची. धंद्याच्या हिशेबात हीसुद्धा ग्राहकाच्या संस्कृतीशी जुळवून घेण्याची रीतच होती. कोणाची भावना दुखावली नाही, विक्री वाढली. ज्याच्या वाट्याला ती फुटकी बशी आली, त्याला मात्र कोणी विचारले नाही.

याचे उत्तरही घेणाऱ्यांकडूनच आले. १९४५-४६ साली आझाद हिंद सेनेचे सैनिक दिल्लीत बंदिवान होते. गांधीजी त्यांना भेटावयास गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की सेनेत आम्ही भेद मानला नाही, पण येथे आम्हांला हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगवेगळा दिला जातो. मग तुम्ही काय करता, असे गांधीजींनी विचारले. आम्ही दोन्ही एकत्र करतो आणि अर्धा-अर्धा वाटून घेतो, असे उत्तर मिळाले. साध्या शिपायांनी एका भांड्यात जे केले, ते १९५० साली संविधानाने देशासाठी केले. पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांची दारे जात-धर्माच्या भेदाविना सर्वांना खुली ठरवली आणि १९५५च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे शिक्षेस पात्र ठरले. कायदा झाला म्हणून ती वेगळी बशी एका दिवसात नाहीशी झाली नाही. पण ती रीत नव्हे, गुन्हा आहे, एवढे तरी लिखित झाले.

स्वातंत्र्यानंतर उद्योगाने लोकांपुढे हार मानली आणि त्यातच त्याचा विजय झाला. १९३० साली आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पत्ती चिरडून, फाडून, वळवणारे यंत्र सिद्ध केले होते. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या चहाला 'सीटीसी' म्हणतात. त्याचे बारीक दाणे थोडक्यात गडद रंग आणि कडक चव देतात. चहादाणीतल्या नाजूक चहाच्या रसिकांना तो रांगडा वाटला. दुधात उकळणाऱ्या पातेल्याला मात्र तोच मानवला. स्वातंत्र्योत्तर काळात या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. आता पाटी पातेल्याला शिकवत नव्हती. पातेले कारखान्याला शिकवत होते. आज भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा भारतीयच पितात.

हा धडा नंतरच्यांनी सहज गिरवला असे नाही. १९९४ साली केलॉग्ज या अमेरिकी कंपनीने मोठा गाजावाजा करून मक्याचे पोहे भारतात आणले; आपल्या तळोजे येथे कारखाना काढला. कुरकुरीतपणा हा त्यांचा मोठा गुण म्हणून सांगितला गेला. आपल्या आयांनी मात्र त्यावर सवयीप्रमाणे गरम दूध ओतले आणि तो गुण वाटीतच विरघळला. पहिल्या कुतूहलानंतर विक्री मंदावली. कंपनीला पुढे चवी आणि प्रचार बदलत, अनेक वर्षे धीर धरून बाजार बांधावा लागला. साठ वर्षांपूर्वीच्या चहाच्या पाट्या कोणी वाचल्या असत्या, तर हे आधीच कळले असते.

या इतिहासातून मला दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवाव्याशा वाटतात. आपले म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या घरात नेणाऱ्या प्रत्येकाला वाकावे लागते. मग तो व्यापारी असो, शिक्षक असो, समाजसेवक असो वा उपदेशक असो. पण कोणापुढे वाकायचे आणि कोणापुढे नाही, याचा विवेक हवा. लोकांच्या चवीपुढे, त्यांच्या भांड्यापुढे, त्यांच्या शहाणपणापुढे वाकण्यात कमीपणा नाही. बोर्डाला ते उशिरा उमगले. लोकांमधील अन्यायापुढे वाकणे मात्र जुळवून घेणे नव्हे. ती त्या अन्यायातील भागीदारी होय. किटलीत आले घालू देणे ही एक गोष्ट आणि किटल्याच दोन करणे ही दुसरी.

आज आपल्या दारी नाना प्रकारचा प्रचार मराठीत बोलत येतो. आपले सण, आपली आजी, आपली माती यांची चित्रे तो आपल्याच पुढे धरतो. त्याचे मराठी शुद्ध आहे का, एवढेच पाहून भागणार नाही. त्याच्या चित्रात कोण दिसतो आणि कोण वगळला गेला आहे, हेही मुलाबाळांनी पाहायला शिकले पाहिजे. आणि घरी कोणीही आले, तरी कपाटातला एकसारखाच कप त्याच्यापुढे ठेवला पाहिजे.